फ्रेंच शिकताना इंग्रजाची अडचण आपल्या माथी कशाला?

जॉन पॅल्सग्रेव्ह नामक इंग्रज पंडिताने १५३० साली लंडन येथे फ्रेंच भाषेचे एक जाडजूड व्याकरण छापविले, त्याचे नाव फ्रेंच असले तरी विवेचन मात्र इंग्रजीत होते. आणि राजा आठवा हेन्री याच्या मेरी नावाच्या बहिणीला, जी पुढे फ्रान्सच्या बाराव्या लुईची राणी झाली, फ्रेंच शिकविण्याचे काम त्यानेच केलेले असल्यामुळे, आपल्या देशबांधवांची जीभ आणि बुद्धी त्या भाषेत नेमकी कोठे अडखळते याची पारख त्याला असणे स्वाभाविकच होते. इंग्रजांसाठी लिहिलेली फ्रेंच व्याकरणे तेव्हापासून आजतागायत इंग्रजाच्या अडचणींचाच परामर्श घेत आली आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे की, आमच्या शाळा-महाविद्यालयांतून मराठी मुलांच्या हाती बहुधा त्याच धाटणीची, इंग्रजीतून समजावून सांगणारी पुस्तके दिली जातात.

इंग्रजाची पहिली अडचण लिंगाची. त्याच्या भाषेतही पूर्वी तीन लिंगे नांदत होती; परंतु १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर, तेराव्या शतकाच्या सुमारास, त्यांचा अंमल बहुतांशी संपुष्टात आला, आणि तेव्हापासून निर्जीव वस्तूला स्त्री अथवा पुरुष मानण्याची सवयच त्या समाजाची मोडली. अशा मनुष्यास मेज स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, आणि त्यांच्यामागून विशेषणानेही रूप पालटायचे, असे सांगितले की तो हबकतो. मग जाणते शिक्षक त्याला नुसते ‘ताब्ल’ न शिकविता उपपदासकट ‘ला ताब्ल’ पाठ करावयास लावतात, ‘स्यों’ने संपणारी नामे बहुधा स्त्रीलिंगी असतात अशी खूणगाठ बांधून देतात, आणि ‘त्यु’ व ‘वू’ यांतील भेदावर स्वतंत्र पाठ खर्च करतात. हा शेवटला पाठ मराठी मुलासमोर वाचताना शिक्षकालाच अवघडल्यासारखे होत असावे. कारण तू आणि तुम्ही यांतला मामला त्या मुलाला घरच्या उंबऱ्यातच उमगलेला असतो.

परंतु खरी गंमत भूतकाळात आहे. ‘मी पत्र लिहिले’ या अर्थी फ्रेंच मनुष्य ‘झे एक्री ला लेत्र’ म्हणतो. तेच पत्र जर क्रियापदाच्या आधी आले, म्हणजे ‘मी लिहिलेले पत्र’ अशी रचना झाली, तर ‘ला लेत्र क झे एक्रीत’ असे म्हणावे लागते, आणि ‘एक्री’च्या शेवटी तो ‘त’ स्पष्ट ऐकू येऊ लागतो, कारण ‘लेत्र’ हे नाम स्त्रीलिंगी आहे. क्रियापद कर्त्याचे न ऐकता कर्माचे लिंग धारण करते, ही गोष्ट इंग्रजाला चमत्कारिक वाटावी यात नवल नाही. पण ‘मी कागद लिहिला’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ असे बिनदिक्कत म्हणणाऱ्या मुलाने तो नियम इंग्रजीतून वहीत उतरवून, ‘पास्ट पार्टिसिपल’च्या खाली दोन रेघा ओढून घोकावा, हा प्रकार मला तरी विपरीत वाटतो. दोन्ही भाषांत असे घडण्याचे कारणही एकाच जातीचे आहे: फ्रेंचचा हा भूतकाळ लॅटिनच्या, आणि आपला ‘लिहिली’ संस्कृताच्या कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितापासून निघाला, ज्याचा स्वभाव मुळात विशेषणाचा, तेव्हा नामाप्रमाणे लिंग घेणे त्याला जन्मतःच प्राप्त. ‘तो गेला, ती गेली’ यासारख्या क्रियापदांत फ्रेंचही, निदान लेखनात, कर्त्याचे लिंग पाळते.

अर्थात मराठीमुळे सारेच सुकर होते असा माझा दावा नाही. आपला चंद्र फ्रेंचमध्ये स्त्री होतो, आपल्या नपुंसकलिंगी नामांना तेथे दोहोंपैकी एका घरात आसरा शोधावा लागतो, आणि प्रत्येक नामाचे लिंग पाठ करण्यावाचून आपलीही सुटका नाही. पण लिंगाची कल्पना समजणे आणि लिंगे पाठ करणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीसाठी इंग्रजाला जे कष्ट पडतात ते आपल्याला पडण्याचे कारण नाही.

ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर आपल्या भाषेत ग्रंथ लिहिला आणि वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला; या दोन भाषांचे व्याकरण शेजारी ठेवून पाहण्याचा शिरस्ता आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. तेव्हा वर्गात इंग्रजी पुस्तक राहो, परीक्षेचे दप्तरही तसेच चालो, परंतु लिंग, वचन, आदरार्थी रूपे आणि भूतकाळ एवढी प्रकरणे तरी शिक्षकांनी मराठीतून, मराठी वाक्ये फळ्यावर मांडून शिकवावीत, अशी माझी सूचना आहे. वर्गात मराठी न जाणणारी मुले असतील तर त्यांच्यासाठी हिंदी वाक्येही तेच काम करतील. उपपदांच्या प्रकरणाला मात्र कोणी हात लावू नये. ‘पाव खाल्ला’ म्हणताना पावाआधी ‘द्यु’ का जोडायचा, हे मराठीतून सांगू गेल्यास शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही घोटाळ्यात पडतील, कारण आपल्याकडे उपपद हा प्रकारच नाही. तेथे ‘द’ आणि ‘सम’ हाताशी असलेली इंग्रजीच अधिक उपयोगी पडते.