श्रीलंकेचा दोन रंगी नकाशा

श्रीलंकेवर मराठीत लेख आला की त्यासोबत बहुतेकदा एक नकाशा असतो. उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्याला एक रंग, तो तमिळ. उरलेल्या बेटाला दुसरा, तो सिंहली. हा नकाशा अपुरा आहे असं सौम्यपणे सांगण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो खोटा आहे, आणि त्याच्या खोटेपणाची किंमत मोजणारी माणसं त्यात दिसतच नाहीत.

बेटाच्या मधोमध, चहामळ्यांच्या नुवारा एलिया जिल्ह्यात, निम्म्याहून अधिक लोक तमिळ आहेत. त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांच्या काळात मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून नेलं गेलं. १९४८च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना परकं ठरवलं. १९६४मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांनी त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारताला, तीन लाख सिलोनला, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. गुरांच्या बाजारातसुद्धा यापेक्षा जास्त विचारपूस होते. एवढी शिरगणती झालेली ही माणसं भाषेच्या नकाशात मात्र सिंहली रंगाखाली गडप आहेत.

कोलंबो शहरात सिंहली समाज निम्म्याहून कमी आहे. बाकीच्यांत बहुतेक तमिळ आणि मुस्लिम, आणि या बेटावरच्या बहुसंख्य मुस्लिमांची घरची भाषा तमिळच. निगोंबोच्या किनाऱ्यावर तर कॅथलिक कोळी आपसांत तमिळ बोलतात, मुलांना सिंहली शाळेत घालतात आणि स्वतःला सिंहली म्हणवतात. भरा आता रंग! बट्टिकलोआच्या पोर्तुगीज क्रिओल बोलणाऱ्या बर्गर मंडळींना तर दोन्ही रंगांत जागा नाही.

नकाशा नुसता पुस्तकात राहिला असता तर इतकं चिडायचं कारण नव्हतं. पण तो राज्यघटनेत शिरला आहे. १९५६च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. इतकं रक्त सांडल्यावर १९८७मध्ये तमिळलाही राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि पुढच्याच वर्षीच्या सोळाव्या दुरुस्तीने उत्तर व पूर्व प्रांतांत सरकारी दप्तर तमिळमध्ये, बाकी सगळ्या प्रांतांत सिंहलीत, अशी विभागणी केली. सिंहली प्रांतातल्या नागरिकाला तमिळमध्ये उत्तर मिळवण्याचा हक्क आहे, राष्ट्राध्यक्ष एखादा विभाग द्विभाषिक ठरवू शकतात, तसे काही ठरवलेही गेले. पण तमिळ जाणणारे अधिकारी आणि पोलीस पुरेसे नेमले नाहीत तर या हक्काचं करायचं काय? मळ्यातल्या बाईची तक्रार दुसरा कुणीतरी सिंहलीत लिहून घेतो. तिला वाचता न येणाऱ्या त्या मजकुराखाली तिने सही करायची.

तमिळ राष्ट्रवादानेही हाच नकाशा उचलला, फक्त दुसऱ्या बाजूने. १९५८ आणि १९८३च्या दंगलींत कोलंबोतून जीव घेऊन उत्तरेकडे पळालेल्यांना आपली भूमी हवीशी वाटली, यात नवल काही नाही. भाषेला शाळा, विद्यापीठ, कचेरी लागते आणि त्यांना भूमी लागते, हे संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्यांना कुणी शिकवायला नको. पण ऑक्टोबर १९९०मध्ये लिट्टेने उत्तरेतल्या मुस्लिमांना हाकलून दिलं. जाफन्यातल्या लोकांना तर घर सोडायला जेमतेम दोन तास मिळाले. ते लोक तमिळच बोलत होते. भाषेच्या नावाने आखलेल्या त्या भूमीत त्यांची भाषा त्यांच्या उपयोगी पडली नाही.

म्हणून हक्क प्रांताला नव्हे, माणसाला चिकटलेला हवा. गाल्लच्या ठाण्यात तमिळ लिहून घेणारा हवालदार हवा, कोलंबोच्या इस्पितळात तमिळ समजणारी नर्स हवी. आणि अंपारा जिल्ह्यात, जिथे किनाऱ्यावर तमिळ बोलणारे मुस्लिम राहतात आणि आतल्या भागात गल ओयाच्या वसाहतीत सिंहली शेतकरी, तिथे त्या शेतकऱ्यालाही जमिनीचा कागद सिंहलीत मिळायला हवा. कारण नकाशात त्याचं घरसुद्धा तमिळ रंगातच पडतं.