पुस्तकी किंमत तीन रुपये साठ पैसे

आमचा ॲम्प्लिफायर २०२४ च्या दिवाळीत, ऐन सफाईच्या धामधुमीत गेला. गेला म्हणजे आधी 'फट्' म्हणाला, मग वास सोडला आणि मग गेला. स्पीकरच्या वायरी मीच पुसून पुन्हा जोडल्या होत्या आणि त्यांची उघडी टोकं एकमेकींना चिकटली होती, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. संशय पालीवर आहे. तो तसाच राहू द्या.

दुपारपर्यंत सल्लागार जमले. "बाबा, ब्लूटूथ स्पीकर घ्या, दोन हजारांत येतो," चिरंजीव म्हणाले. शेजारच्या नानांनी सिद्धांत ऐकवला : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की वस्तू फेकावी. हा सिद्धांत काढणाऱ्याचं नव्या वस्तूंचं दुकान असणार, यावर मी पैज मारायला तयार आहे. कारण नवी वस्तू टिकणार किती, हा रकानाच त्यात नाही! असं व्हाउचर माझ्या काउंटरवर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

घसारा मलाही काढता येतो, बी. कॉम. आहे मी. वडिलांनी हे यंत्र १९८४ साली २४०० रुपयांना घेतलं. आयकरातला यंत्रसामग्रीचा आजचा १५ टक्के दर घटत्या शिलकेवर लावत गेलं, तर चाळीस वर्षांनी किंमत उरते तीन रुपये साठ पैसे. ठीक आहे. पण व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी आईनं लावलेला नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. रविवारी सकाळी वडील नाट्यगीतं लावत, तेव्हा आवाजाची हद्द तिथवर. त्यापुढे बटण नेण्याची वडिलांची कधी छाती झाली नाही. आज दोघंही नाहीत, तरी माझीही होत नाही. या ठिपक्याला घसारा किती टक्के लावायचा, नाना?

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. म्हणजे बिघडलेली वस्तू नीट करून घेणं हा आता हक्क झाला! आमच्या लहानपणी तो नुसता शनिवार होता.

शेवटी धूड टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडला नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं शंभरचा बल्ब सिरीजमध्ये लावला. बल्ब लख्ख पेटला. "शॉर्ट आहे," तो म्हणाला. मग ट्रान्स्फॉर्मरच्या पुढच्या वायरी सोडवून पुन्हा बटण दाबलं. बल्ब विझला आणि माझ्या जिवात जीव आला. ट्रान्स्फॉर्मर जळला असता तर मीही नानांच्या बाजूनं मत दिलं असतं. या यंत्रात वजन त्याचं आणि खर्चही त्याचाच. बाकी गेले होते ते ट्रान्झिस्टर, टू-एन-३०५५, लोखंडी टोपी घातलेले. साठच्या दशकातली ही जात आजही नवी मिळते. सुकलेले कंडेन्सर धरून बिल झालं चौदाशे. मी घासाघीस केली नाही.

चिरंजीवांनी ब्लूटूथ स्पीकर घेतलाच. वर्षाची वॉरंटी संपली आणि तिसऱ्या आठवड्यात तो मुका झाला. त्याच मेकॅनिककडे नेला. त्यानं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि माझ्या हातात ठेवला.

"साहेब, याला उघडायला स्क्रूच नाही."