पोर्शेच्या शौकिनांचा हट्ट रास्तच आहे

पोर्शेच्या शौकिनांवरचा आरोप ठरलेला आहे. या लोकांना काळाबरोबर चालायचं नाही. त्यांना हाताने टाकायचा गिअर हवा, टर्बोशिवायचं सहा सिलिंडरचं इंजिन हवं, हलकी गाडी हवी. एवढं सगळं मागून नवी गाडी घ्यायची वेळ आली की मात्र बहुतेक जण हात आखडता घेतात. त्यांचं ऐकत बसली असती तर कंपनी केव्हाच बुडाली असती. तिला तारलं कायेनने, आणि त्या जाडजूड एसयूव्हीच्या विरोधात सगळ्यांत मोठा आवाज याच मंडळींचा होता. गिअर बदलण्याचं काम आता कॉम्प्युटर माणसापेक्षा चांगलं करतो आणि पुढचा जमाना विजेचा आहे. तेव्हा शौकिनांनी आपल्या जुन्या गाड्या सांभाळाव्यात आणि कंपनीला तिचा धंदा करू द्यावा.

हा पूर्वपक्ष मी मुद्दाम सौम्य केलेला नाही, कारण त्याचा एक भाग खरा आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे खरोखरच बुडण्याच्या बेतात होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली, जपानी तज्ज्ञ बोलावून कारखान्याची घडी नव्याने बसवली. १९९६ मध्ये बॉक्स्टर आली, २००२ मध्ये कायेन आली आणि कंपनीच्या तिजोरीत पैसा दिसू लागला. कायेनला शिव्या देणाऱ्यांनी तेव्हा ताळेबंद पाहिला नव्हता. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचंही तसंच. १९९८ मध्ये असं इंजिन असलेली शेवटची ९११ कारखान्याबाहेर पडली, तेव्हा ‘पोर्शे संपली’ असं म्हणणारे पुष्कळ होते. पण आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत चालले होते आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर पाण्याने थंड होणारं इंजिन करण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. शौकीन आज ज्या जीटी३ गाड्यांना डोक्यावर घेतात, त्यांतली पहिली १९९९ ची. ज्या पिढीवर सर्वाधिक टीका झाली त्याच पिढीतली, आणि पाण्यानेच थंड होणारी.

म्हणजे शौकिनांच्या मागण्यांत काही निव्वळ सवयीतून आलेल्या असतात. तशा मागण्यांची बाजू मी घेणार नाही. माझी तक्रार आहे ती टीकाकारांच्या युक्तिवादावर. सवयीच्या मागण्या चुकीच्या ठरल्या हे दाखवून ते मूळ मागणीही निकालात काढतात. मूळ मागणी फार साधी आहे: गाडी चालवण्याचं काम चालवणाऱ्याकडे राहू द्या. हात, पाय, कान आणि डोकं लागेल अशी गाडी बनवा. इंजिन हवेने थंड होतं की पाण्याने, याच्याशी या मागणीचा संबंध नाही. आणि याच एका बाबतीत पोर्शेचा इतिहास सतत शौकिनांच्या बाजूने साक्ष देत आला आहे.

१९७२ मध्ये शर्यतीच्या नियमांसाठी कंपनीला हलक्या वजनाच्या ५०० गाड्या बनवून विकायच्या होत्या. त्या खपतील का, याची विक्री विभागालाच खात्री नव्हती. मागे बदकाच्या शेपटीसारखा पंख, आत सुखसोयींना कात्री, हलक्या प्रकाराचं वजन हजार किलोच्याही आत. हीच ९११ कॅरेरा आरएस २.७. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली आणि ठरवलेल्या सगळ्या गाड्या लवकरच विकल्या गेल्या. शेवटी १,५८० बनवाव्या लागल्या. गाडीतून वस्तू काढून घेऊनही लोक तिला जास्त मान देतात, हा धडा कंपनीला तेव्हाच मिळाला होता.

तरीही पाच वर्षांत तिने ९११ ला निरोप द्यायची तयारी केली. १९७७ ची ९२८ तिची वारसदार ठरली होती. पुढे व्ही८ इंजिन, पाण्याचं कूलिंग, ऐसपैस आणि आरामशीर. १९७८ चा युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ किताबही तिने मिळवला. वाईट गाडी नव्हती ती. मला तर फार देखणी वाटते. पण ९११ ची जागा तिने घ्यावी हा निर्णय चालवणाऱ्यांनी घेतलेला नव्हता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख म्हणून आले. त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग असा: अभियंता हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर येत्या वर्षांचा तक्ता होता. त्यात ९२८ आणि ९४४ च्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ ला थांबत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत नेऊन तिथून पुढे भिंतीवर ओढली. ९२८ चं उत्पादन १९९५ मध्ये संपलं. ९११ आजही श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझनमध्ये बनते आहे. ‘भविष्य कंपनीला जास्त कळतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता डोळ्यांपुढे ठेवावा.

आता वेगाचा मुद्दा. टीकाकारांना तो सर्वांत बळकट वाटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत कच्चा आहे. २०१३ मध्ये पोर्शेने नवी जीटी३ आणली ती फक्त पीडीके गिअरबॉक्ससह: दोन क्लच, गिअर बदलण्याचं काम यंत्राकडे. आधीच्या दोन पिढ्यांत ही गाडी फक्त हाताच्या गिअरमध्येच मिळत होती. कारण सांगितलं गेलं की ट्रॅकवर पीडीके जलद आहे. ते खरंही आहे. पण मग काय झालं ते पाहा. २०१५ मध्ये केमन जीटी४ फक्त हाताच्या गिअरमध्ये आली आणि तिच्यावर उड्या पडल्या. २०१६ मध्ये ९११ आर आली, तीही फक्त हाताच्या गिअरची. २०१७ च्या जीटी३ मध्ये कंपनीने हाताचा गिअरबॉक्स परत आणला आणि त्यासाठी जादा पैसेही मागितले नाहीत. त्या गाडीला शून्यातून ताशी १०० किलोमीटर गाठायला पीडीकेने ३.४ सेकंद लागत, हाताच्या गिअरने ३.९. हा आकडा माहीत असूनही लोकांनी अर्धा सेकंद हळू असलेली गाडी मागितली. वेगाची हाव असलेला माणूस असं करत नाही.

इलेक्ट्रॉनिक तबल्याची लय कधी चुकत नाही, म्हणून मैफलीत तबलजीला उठवून तिथे यंत्र बसवत नाहीत. गिअरचंही तसंच. घाटात गाडी चालवायला शिकलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. वळण येण्याआधी क्लच दाबायचा, खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला जरासा धक्का द्यायचा, इंजिनाचा आवाज कानाने जोखायचा आणि मग क्लच सोडायचा. जमलं तर गाडी रेशमासारखी वळणात शिरते, चुकलं तर झटका बसतो. त्या झटक्यातूनच माणूस शिकतो. शौकिनाला हे शिकणं विकत हवं आहे, आणि यंत्राने ते त्याच्या हातून काढून घेतलं की गाडी कितीही जलद असली तरी तो परका होतो.

दुसरा आक्षेप नियमांचा. प्रदूषणाचे नियम असे आहेत की शौकिनांना हवं ते देताच येत नाही, असं सांगतात. २०१६ मध्ये बॉक्स्टर आणि केमन ७१८ नावाने आल्या तेव्हा हेच सांगून सहा सिलिंडरच्या जागी चार सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं गेलं. ताकद वाढली, कागदावर सगळं सुधारलं. आवाज मात्र असा झाला की कौतुक करणारे परीक्षकही त्याबद्दल हळहळले. नियम पुढे सैल झाले नाहीत, उलट आणखी आवळले. तरीही २०१९ मध्ये त्याच ७१८ च्या जीटी४ आणि स्पायडरमध्ये चार लिटरचं, टर्बोशिवायचं, सहा सिलिंडरचं नवं इंजिन आलं आणि २०२० मध्ये तेच जीटीएसलाही मिळालं. सोबत एक्झॉस्टमध्ये कणांची गाळणी होती आणि कमी भाराला एका बाजूचे तीन सिलिंडर आळीपाळीने बंद ठेवण्याची युक्ती होती. म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांना ते जमत होतं. अडलं होतं ते त्यांना तसं करायला सांगण्याच्या पायरीवर.

विजेबद्दलही शौकिनांना बदनाम करण्याचं कारण नाही. विजेवरची टायकन चालवून तिची तारीफ करणारे त्यांच्यातच भेटतात. त्यांचा विरोध होता तो पर्याय बंद करण्याला. २०३० पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक गाड्या पूर्ण विजेवरच्या असतील असं पोर्शेने २०२२ मध्ये जाहीर केलं. ७१८ चीही पुढची पिढी फक्त विजेवरची ठरली. २०२४ मध्ये युरोपीय संघात सायबर सुरक्षेच्या नियमांमुळे पेट्रोलची मकान आणि बहुतेक पेट्रोल ७१८ विक्रीतून गेल्या, आणि त्यांच्या जागी लोकांना पटेल असं काही तयार नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं. ७१८ च्या वरच्या प्रकारांत पेट्रोल इंजिन राहील असं तिने जाहीर केलं. शौकीन जे आधीपासून सांगत होते तिथे कंपनी अब्जावधी युरो खर्चून आणि नफा घालवून पोहोचली.

शौकीन गाड्या घेत नाहीत, हा आक्षेप आकड्यांवर टिकत नाही. २०२४ मध्ये पोर्शेने जगभरात ३,१०,७१८ गाड्या दिल्या, आदल्या वर्षापेक्षा तीन टक्के कमी. टायकन जवळपास निम्म्यावर आली. चीनमध्ये २०२१ साली ९५ हजारांवर असलेली विक्री ५७ हजारांच्या आत घसरली. त्याच वर्षी ९११ मात्र वाढली, ५०,९४१. कायेन लाखाच्या वर गेली हेही सांगितलं पाहिजे. पैसा ती आणते आणि तिने तो आणावाच. पण प्रतिष्ठेसाठी गाडी घेणारा ग्राहक दुसरीकडे जास्त चकचकीत काही दिसलं की निघून जातो. चीनमध्ये तेच घडलं. किंमत वाढत असताना, बाजार पडत असताना जो टिकून राहिला तो ९११ वाला.

इथे कंपनीच्या अंगवळणी पडलेली एक वाईट सवय सांगितलीच पाहिजे. शौकिनांचं म्हणणं ऐकलं की ती त्याचं दुर्मीळ वस्तूत रूपांतर करते. ९११ आरच्या केवळ ९९१ गाड्या बनवल्या आणि त्या आधी विचारल्या ९१८ स्पायडरच्या मालकांना. जुन्या बाजारात तिची किंमत मूळ किमतीच्या कैक पट झाली आणि अनेक गाड्या गॅरेजात झाकून ठेवल्या गेल्या. २०२३ ची ९११ एस/टी पुन्हा १,९६३ पुरतीच. अमेरिकेत तर लगेच विकून नफा कमावणाऱ्यांना रोखायला ती पहिलं वर्ष भाडेकराराने द्यावी लागली. हा रोग कंपनीनेच लावला आहे. गंमत पाहायची तर २०१७ ची हाताच्या गिअरची जीटी३ आल्यावर ९११ आरचे भाव खाली आले. ज्यांना गाडी चालवायची होती, त्यांना दुर्मीळ आवृत्तीच्या क्रमांकाची पाटी नको होती, गिअर हवा होता. तो सरळ मिळाल्यावर सट्टा थंडावला.

महाराष्ट्रात पोर्शे हे नाव घेतलं की अनेकांना १९ मे २०२४ ची पहाट आठवते. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव टायकनच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, आरोपी अल्पवयीन. त्या घटनेनंतर अशा गाड्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि तो राग मला समजतो. म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं की शौकीन ज्याची मागणी करतात ते याच्या अगदी उलट आहे. पैसे मोजून, काहीही न शिकता, पायाच्या एका दाबाने मिळणारी अफाट ताकद त्यांनी मागितलेली नाही. आजची ९११ टर्बो एस सातशेहून अधिक अश्वशक्तीची आणि १,७०० किलोंच्या वर आहे. ही चढाओढ कंपन्यांनी आपापसांत लावली आहे. शौकिनांना विचारा, ते कमी ताकद मागतील, कमी वजन मागतील, बोटांना रस्त्याचा पोत कळेल असं स्टीअरिंग मागतील, आणि आधी शिकवणी घ्यावी लागेल अशी गाडी मागतील. कंपनीने गाडीसोबत चालवण्याचं शिक्षण सक्तीचं केलं तर ते पहिल्या रांगेत बसतील.

मायकेल लायटर्स १ जानेवारी २०२६ पासून पोर्शेचे प्रमुख आहेत. फेरारी आणि मॅकलॅरेनमधून आलेल्या माणसाला हे सगळं नव्याने समजावण्याची गरज नाही. तेव्हा मागणी नेमकी ठेवू. आज सुधारित ९११ मध्ये हाताचा गिअर कॅरेरा टी आणि जीटी३ पुरता उरला आहे. मूळ कॅरेरात तो नाही, कॅरेरा एसमधून काढला, जीटीएस हायब्रिड झाली तेव्हा तिथूनही गेला. तो कॅरेरा आणि कॅरेरा एसमध्ये जादा पैशांशिवाय परत द्यावा. पेट्रोल ७१८ फक्त वरच्या, महागड्या प्रकारांत ठेवू नये. तरुण अभियंता पाच-सात वर्षं पैसे साठवून जी पहिली पोर्शे घेतो ती नेहमी खालच्या टोकाचीच असते. आणि पुढची हलकी, हाताच्या गिअरची ९११ काढाल तेव्हा आकडा आधी जाहीर करू नका. जितके लोक ती चालवायला मागतील तितक्या बनवा, १९७२ मध्ये बनवल्या होत्या तशा.