कंसातले श्यामजी पंत

एसटीत वाहक म्हणून एकतीस वर्षे तिकिटे फाडली. नागपूर-अमरावती रस्त्यावर आमचे गाव आले की नवखा प्रवासी विचारायचाच, "हे कोणतं तळेगाव?" दाभाडे, ढमढेरे, दशासर, आमच्या वर्धा जिल्ह्यातच आणखी एक, टालाटुले. आमचे श्यामजी पंतांचे. मी कायम पूर्ण नाव पुकारले. पाट्यांवर आता कंसात 'श्या. पं.' एवढेच उरले आहे. थांब्यावरच्या कॉलेजच्या पोरांना हे पंत कोण म्हणून विचारले, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

शेजारचे आष्टी घ्या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गावकरी पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबारात माणसे पडली. हे आम्हाला पाठ आहे, कारण दरवर्षी शहिदांना मानवंदना होते. पण त्याच आष्टीत मोगल काळातल्या महंमद खान नियाझीची आणि त्याच्या मुलाची, अहमद खानाची, अशा दोन देखण्या कबरी आहेत. जहांगीर बादशहाने हा मुलूख महंमद खानाला दिला, त्याने आष्टी पुन्हा वसवली, भोवतालची जमीन लागवडीखाली आणली. आपण ज्या शेतात कापूस वेचतो त्याची ही कुळकथा शाळेत कोणी सांगत नाही.

गावाची कुळकथा जपता येते, हे दुसरीकडे दिसते. चीनने २०१२मध्ये जुन्या खेड्यांची राष्ट्रीय यादी सुरू केली; आज तीत आठ हजारांवर गावे आहेत. तिथल्या होंगत्सुन गावात वांग घराण्याने शेकडो वर्षांपूर्वी काढलेला पाण्याचा पाट आजही घरांपुढून वाहतो. तो कोणी काढला हे गावाला ठाऊक आहे, कारण घराण्यांनी वंशावळी लिहून ठेवल्या. २००० साली युनेस्कोने त्या गावाला जागतिक वारसा म्हटले. आमच्या विहिरी कोणी बांधल्या? आमच्याकडची जमीनदारीसारखी मालगुजारी गेली, तेव्हा मालगुजारांच्या वाड्यांतली दप्तरे कुठे गेली?

एकदा आष्टीच्या गाडीत एका म्हातारीने अप्पर वर्धा धरणात बुडालेल्या आपल्या गावाचे तिकीट मागितले. मी म्हणालो, "आजी, ते गाव आता नाही." ती म्हणाली, "पाण्याखाली हाय ना बाबू, मंग नाही कसं?" तिला मी पुनर्वसनातल्या नव्या वस्तीचे तिकीट दिले. ते मला आजही सलते.

ग्रामपंचायती झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची लोक जैवविविधता नोंदवही करतात. तशीच वारशाचीही करावी. कोणाची विहीर, कोणते देऊळ, शेताशिवारांची जुनी नावे, बेचाळीसच्या घरोघरच्या आठवणी, सगळे लिहावे. ज्याने सांगितले त्याचे नावही लिहावे. ऐंशी पार केलेली माणसे गावात मोजकी उरली आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्या ओसरीपासून करावी.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. दोनशे पानी वही आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर गावाचे नाव लिहिले आहे, पूर्ण.