‘दोन टाइम घ्या’ एवढ्याने भागत नाही! औषध देताना फार्मासिस्टने काय सांगायला हवे?

दुकान परवानाधारक, चिठ्ठीप्रमाणे औषध दिलेले, बिलही बरोबर. तरीही रुग्णाला धोका होऊ शकतो. औषध कधी आणि किती दिवस घ्यायचे हे नीट सांगितले नाही, तर बरोबर गोळीही चुकीची घेतली जाते.

नियम काय आहे?

फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्याच्यावर आणखी एक जबाबदारी टाकली. मात्रा, कालावधी, दुष्परिणाम, डोस चुकल्यास काय करायचे, हे त्याने स्वतःहून रुग्णाला सांगायचे. हा उपकार नाही, कामाचा भाग आहे.

गोंदियात हे महत्त्वाचे का?

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे. जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विन साधारण १४ दिवस घ्यावे लागते. ताप आधीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या घरात पडून राहतात. मग यकृतात दडलेले परजीवी पुन्हा ताप आणतात. जी-६-पीडी कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी याच औषधाने फुटू शकतात. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे पहिल्याच दिवशी कळायला हवे.

सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांना नियमित रक्ततपासणी लागते. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

अडते कुठे?

काउंटरवर गर्दी असते, हे खरे. पण परवाना, साठा, बिले तपासता येतात. रुग्णाशी झालेले बोलणे कागदावर उरत नाही. त्यामुळे घाईत आधी तेच सुटते. उपाय महागडा नाही. पाकिटावर मराठी-हिंदीत वेळ लिहावी, वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य-चंद्र काढावेत आणि ‘आता सांगा, कशी घेणार?’ असे विचारून खात्री करावी. अन्न व औषध प्रशासनानेही तपासणीला गेल्यावर दुकानातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकांना विचारावे: गोळी कशी घ्यायची, सांगितले का?

तुम्ही काय विचाराल?

• चिठ्ठीवरचे औषध हेच का?
• जेवणाआधी की नंतर, किती दिवस?
• डोस चुकला तर?
• कोणता त्रास झाल्यास थांबायचे?

उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या.