ग्यांत्से आणि गोठणगाव

न्यांग नदीच्या खोऱ्यात सुमारे १३,००० फूट उंचीवर वसलेले ग्यांत्से हे तिबेटी नगर, जेथून लोकरीचे तांडे हिंदुस्थानाकडे निघत, जेथील गालिचे तिबेटभर नावाजले जात, आणि जेथील डोंगरी किल्ला १९०४ साली इंग्रज फौजेने तोफा डागून सर केला, ते मागावर पोसलेल्या आम्हां सोलापूरकरांस परके वाटू नये, अशी आमची मनःपूर्वक भावना आहे. पंधराव्या शतकातला तेथील कुंबुम स्तूप, मजल्यामजल्यांवरील चित्रांकित देवकोष्ठांसह, अद्याप उभा आहे. परंतु १९५९ पासून तिबेटच्या मुलखातून हजारो माणसे परागंदा झाली, आणि त्यांपैकी काहींना तत्कालीन भंडारा, सांप्रतच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावानजीक १९७२ साली नोर्ग्येलिंग ही वसाहत लाभली. हिमप्रदेशातल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात तग धरावा, भातशेती आत्मसात करावी, आणि तरीही आपला धर्म व भाषा सोडू नये, या पुरुषार्थाचे यथोचित कौतुक मराठी नियतकालिकांनी केले नाही, हे आम्हांस सलते. ज्या वाचकांचा त्या रहिवाशांशी स्नेह असेल, त्यांनी आपली हकीकत आमच्या कचेरीकडे अवश्य पाठवावी. ती आम्ही अगत्याने छापू.