गुपित आणि साक्ष

१९५२ ते १९६७ या काळात अमेरिकेतील सीबीएस दूरचित्रवाहिनीवर 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' हा खेळ चाले. पाहुणा आपले गुपित सूत्रसंचालक गॅरी मूर यांच्या कानात सांगे आणि त्याच वेळी घरच्या प्रेक्षकांना ते पडद्यावर अक्षरांत दिसे. अंधारात राहत ते केवळ चार प्रश्नकर्ते. जो चकेल त्याच्यामागे पाहुण्याला २० डॉलर, म्हणजे फार तर ८०.

नाटक शिकवणाऱ्यांना ही रचना अनोळखी वाटू नये. दुर्वासांचा शाप प्रेक्षकाला ठाऊक असतो, दुष्यंताला नसतो. (अशा ठिकाणीही आपण सर्रास 'रहस्य' हा शब्द वापरतो, तो तितकासा बरोबर नाही.) फरक इतकाच की, तिथे त्या अज्ञानाची किंमत शकुंतला मोजते, इथे ती कोणीच मोजत नाही, असे वरवर दिसते.

९ फेब्रुवारी १९५६ च्या भागात सॅम्युएल सीमोर हे ९५ वर्षांचे गृहस्थ आले. आदल्या पडझडीने डोळ्यावर सूज होती. गुपित असे : १८६५ साली फोर्ड्‌स नाट्यगृहात लिंकन यांची हत्या त्यांनी पाहिली होती; तेव्हा ते पाच वर्षांचे होते. बिल कलन यांनी वयावरून यादवी युद्धाचा काळ हेरला आणि जेन मेडोज यांनी काही प्रश्नांतच हत्येपर्यंत मजल मारली. सीमोर मोजकेच बोलले. मूर यांनी ८० डॉलर पूर्ण दिले. प्रायोजक सिगारेटवाले, पण वृद्ध पाइप ओढणारे, म्हणून त्यांना तंबाखूचा डबा मिळाला. दोन महिन्यांनी, १२ एप्रिलला, ते वारले.

या भागाचा 'इतिहासाचा जिवंत दस्तऐवज' म्हणून गौरव होतो. आम्हांला तो अर्धाच मान्य आहे. हा खेळ नसता तर तो चेहरा आणि तो आवाज आपल्यापर्यंत पोचला नसता, हे खरेच. परंतु १९५४ साली एका वृत्तपत्रात त्यांची जी हकिकत आली होती, तिचा गाभा निराळा आहे. त्या मुलाला गोळी कोणाला लागली हे कळलेच नव्हते. सज्जातून खाली पडलेल्या माणसाला दुखापत झाली असेल, त्याला मदत करावी, एवढेच त्याच्या मनात होते. तो पडलेला माणूस म्हणजे मारेकरी बूथ!

'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मागणाऱ्या प्रश्नांना घटना सापडते. ही करुणा सापडत नाही. १९५७ साली फिलो फार्न्सवर्थ आले, तेव्हा तर घटनाही सापडली नाही. इलेक्ट्रॉनिक दूरचित्रवाणीची कल्पना चौदाव्या वर्षी सुचलेला हा संशोधक चौघांनाही ओळखता आला नाही, आणि तेही त्याच यंत्राच्या पडद्यावर.

साक्षीवाङ्मय शिकवताना सीमोर यांची चित्रफीत आम्ही आवर्जून दाखवतो आणि नंतर विद्यार्थ्यांना एकच काम देतो : त्या पाच वर्षांच्या मुलाची दया बाहेर येईल, असा एक प्रश्न लिहा. बहुतेकांची वही बराच वेळ कोरी राहते.